गोचीड चावली म्हणजे लाईम झालाच का?

नौपाडा, ठाणे
सोमवार, १७ जून

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप आणि सोबतची बातमी, दोन्ही वाचले. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात शिकणारी तुझी लेक शनिवारी जंगलवाटेने फिरून आली आणि रविवारी सकाळी तिच्या गुडघ्यामागे गोचीड सापडली. त्यातच ‘जगात दर सातांमागे एकाला लाईम’ असे वाचल्यावर वहिनींना झोप लागली नसेल तर नवल नाही. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या या जीवाणूजन्य आजाराला ज्याचे नाव मिळाले ते लाईम गावही तिच्याच राज्यातले. तिथल्या मुलांमध्ये सांधे सुजण्याचे प्रमाण विचित्र दिसू लागले म्हणून १९७५ च्या सुमारास तपास सुरू झाला आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी संशोधक विली बर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या आतड्यात या आजाराचा मळसूत्रासारखा जीवाणू दिसला.

मात्र बातमीतला आकडा लेकीला लागू करू नकोस. २०२२ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेले ते १४.५ टक्के रक्तात लाईमच्या जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) सापडलेल्या लोकांचे आहेत, आजारी पडलेल्यांचे नव्हेत. ही प्रतिपिंडे संसर्ग ओसरल्यावरही वर्षानुवर्षे राहू शकतात आणि युरोपात तर कसलाही त्रास न होता ती तयार झालेली माणसे पुष्कळ आहेत. शिवाय काही चाचण्या दुसऱ्याच जंतूंमुळे फसतात. वार्ताहराने प्रतिपिंडांचा आजार करून टाकला, एवढेच मी सौम्यपणे म्हणतो.

तुला हवा असलेला प्रश्न वेगळा आहे: लाईम असलेल्या प्रदेशात गोचीड चावलेल्या शंभर जणांपैकी किती जण आजारी पडतात? त्याचे मला सर्वांत भरवशाचे वाटणारे उत्तर न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर परगण्यातले आहे. तिथला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. चाव्यानंतर औषधाऐवजी तसल्याच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या देऊन ज्यांच्यावर लक्ष ठेवले, त्या २४७ जणांपैकी ८ जणांच्या अंगावर चाव्याच्या जागी लाईमचा पसरत जाणारा लाल चट्टा उठला, म्हणजे ३.२ टक्के. त्याच्या पोटातला तपशील मला अधिक मोलाचा वाटतो. ते आठही जण गोचिडीच्या पिल्लांनी चावलेले होते आणि ती पिल्ले थोडीफार तरी रक्त पिऊन फुगलेली होती. अशा फुगलेल्या पिल्लांच्या ८१ चाव्यांमागे ८, तर चपट्या, उपाशी पिल्लांच्या ५९ चाव्यांमागे एकही नाही.

असे का होते, तर जीवाणू गोचिडीच्या तोंडात तयार बसलेला नसतो. तो तिच्या आतड्यात असतो, आणि ताजे रक्त पोटात गेल्यावर आपले बाह्य आवरण बदलून लाळग्रंथींकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच तिथल्या गोचिडींमध्ये जीवाणू बाळगणाऱ्यांचे प्रमाण बरेच असूनही चावलेल्यांपैकी थोडेच आजारी पडतात.

मग अमेरिकेत वर्षाला सुमारे ४,७६,००० जणांवर लाईमचे उपचार होतात, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा अंदाज कसा, असे तू विचारशील. त्यात नुसत्या संशयावरून औषध घेतलेलेही आहेत, हा एक भाग. पण खरी मेख ही की खसखशीच्या दाण्याएवढे ते पिल्लू बहुतेकांना दिसतच नाही, त्याचा चावा दुखत नाही, आणि पुष्कळ रुग्णांना आपल्याला काही चावल्याचे आठवतही नाही. तीन टक्क्यांचा आकडा ज्यांनी गोचीड पाहिली आणि काढली त्यांचा आहे, म्हणजे त्यातल्या त्यात सुदैवी लोकांचा. तुझी लेक त्यांच्यात मोडते.

तिला रक्त तपासायला आताच धाडू नकोस. प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आजचा निकाल काहीच सांगणार नाही. महिनाभर त्या जागेवर आणि तापावर लक्ष ठेवू दे. चट्टा उठलाच तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात आणि वेळेवर घेतल्यास बहुतेक जण पूर्ण बरे होतात. याच औषधाची २०० मिलिग्रॅमची एक मात्रा गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत प्रतिबंध म्हणूनही देतात, परंतु गोचीड लाईम पसरवणाऱ्या जातीची असेल आणि सुमारे ३६ तास चिकटून राहिली असेल तरच.

आपल्या येऊरच्या कुत्र्यांवरच्या किंवा खारघरच्या टेकडीवरील गुरांवरच्या गोचिडींवरून मात्र हा हिशेब मांडू नकोस. त्यांची जात वेगळी. महाराष्ट्रात गोचिडीमुळे येणारा पुरळाचा ताप आहे, सिंधुदुर्गात माकडतापही आहे. पावसाळ्यात तू टेकडीवर जातोसच, तेव्हा परतल्यावर मांड्या, काखा तपासत जा.

लेकीने ती गोचीड टाकून दिली नसेल तर गोचिडीचे स्पष्ट छायाचित्र मागवून मला आजच पाठव. गोचीड चपटी होती की फुगलेली, आणि शनिवारच्या आधीही लेक झाडीत गेली होती का, एवढे तिला नक्की विचार. प्रतिबंधक मात्रेची ७२ तासांची मुदत बुधवारी सकाळी संपते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत