तिकिटं काढली आहेत

प्रिय आई, बाबा,

हे फोनवर सांगणार होते. गेले तीन रविवार ठरवून फोन केला आणि तिन्ही वेळा आईने "जेवलीस का गं?" विचारलं की पुढचे शब्द घशातच राहिले. म्हणून लिहिते आहे. मी इथल्या नोकरीच्या करारावर दोन वर्षांसाठी पुन्हा सही केली. दिवाळीनंतर कायमची परत येते म्हणाले होते, ते आता होणार नाही.

बाबा, पत्र बाजूला ठेवू नका, पुढे वाचा. पैशासाठी नाही थांबले. म्हणजे पैसाही आहेच, पाटीलकाकांच्या त्या व्यवहारानंतर घराचं जे झालं ते आपल्या तिघांनाही माहीत आहे आणि उरलेले हप्ते या दोन वर्षांत फिटतील. पण कारण तेवढंच नाही. मोंबासाच्या बंदरातलं कागदपत्रांचं सगळं काम आता माझ्याकडे आलंय, हाताखाली चार जणं आहेत. मुंबईत तीन ठिकाणी विचारून पाहिलं, तिथे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. तुम्हीच म्हणायचात ना, अर्धं विणलेलं उसवू नये. हे सगळं खरं असूनही ऑगस्टमध्ये बाबा बाथरूममध्ये पडले आणि मला ते तिसऱ्या दिवशी कळलं, ही गोष्ट मनातून जात नाही. काळजी नको म्हणून सांगितलं नाहीत, हे कळतं मला. पण यापुढे असं करू नका.

तर आता दुसरी बातमी. संक्रांत झाली की तुम्ही दोघं इकडे यायचं आहे. विचारत नाहीये, तिकिटं काढली आहेत. मुंबई ते नैरोबी सहा तास, तिथून मोंबासा तासाभराच्या आत. नैरोबीला मी स्वतः घ्यायला येईन. आई, गुडघ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली आहे, "लोक काय म्हणतील" करून ती नाकारू नकोस. दीड महिना राहा. होळीला परत वसईत.

केनिया म्हणजे परका देश, आम्ही तिथे काय करणार, असं आई म्हणेल. बाबा, आधी तुम्हाला एक गोष्ट सांगते. इथे समुद्राच्या तोंडाशी पोर्तुगीजांचा किल्ला आहे, फोर्ट जीझस. १५९३ मध्ये बांधायला घेतला. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, जवळून पाहिलं तर दगडात शिंपल्यांचे ठसे दिसतात. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी वेढा घातला तो पावणेतीन वर्षं चालला. आतली बहुतेक माणसं रोगराईनेच गेली. त्यांच्या मदतीला गोव्याहून एक युद्धनौका आली होती, ती १६९७ मध्ये किल्ल्याच्या समोरच बुडाली. तिचं नाव 'सांतो आंतोनियो द ताना'. ताना म्हणजे आपलं ठाणं, बाबा. आणि ती बांधली होती वसईत.

किल्ल्यातल्या संग्रहालयात पाटीवर ते वाचलं तेव्हा मी तिथेच बसले. १९७७ ते १९८० अशी तीन-चार वर्षं पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी समुद्रतळ खणून तिच्यातल्या वस्तू वर काढल्या. चिनी मातीच्या बशा आहेत, रांजण आहेत. एका बशीच्या कडेला टवका उडालाय, आईच्या त्या निळ्या बशीला आहे ना, अगदी तसा. जहाजाचा सांगाडा अजून खालीच आहे, पुन्हा वाळूत झाकून ठेवलाय. तटावर उभं राहिलं की जिथे तो आहे ते पाणी दिसतं.

तुम्ही मला दर रविवारी सायकलच्या दांडीवर बसवून वसईच्या किल्ल्यात न्यायचात. नागेश्वराला नमस्कार, मग चिमाजी अप्पांची गोष्ट, तीही रोज तीच, आणि मी रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायचे. १६९८ मध्ये इथला किल्ला पडला, त्यानंतर ४१ वर्षांनी वसई. मधे पोर्तुगीजांनी मोंबासा थोड्या काळासाठी परत मिळवलं होतं, पण टिकलं नाही. ही पुढची गोष्ट आता मला सांगायची आहे तुम्हाला, त्याच तटावर बसून. पायऱ्या आहेत, पण दमानं चढू. सकाळी लवकर जाऊ, दहानंतर ऊन लागतं.

आणि गोरखचिंच! आपल्या किल्ल्यातली, जिच्या बुंध्याला आपण दोघं मिळून कवेत घ्यायचो आणि हात पुरायचे नाहीत, ती मूळची आफ्रिकेतली. इथे मामा न्गिना रस्त्यावर समुद्राच्या कडेने ही झाडं नुसती उभी आहेत. संध्याकाळी सगळं गाव तिथे येतं. बायका कढईत मोहोगोचे, म्हणजे कसाव्याचे, पातळ काप तळत असतात, वरून तिखट-मीठ आणि लिंबू. शहाळ्याला 'मादाफू' म्हणतात. बाकावर बसायचं आणि किलिंदिनी बंदरात शिरणारी जहाजं बघायची, इतक्या जवळून जातात की डेकवरची माणसं दिसतात. बाबा, तुम्ही तिथून उठणार नाही, मला माहीत आहे. गोरखचिंचेच्या बिया साखरेत घोळून, लाल रंग लावून विकतात, त्या मात्र तुम्हाला मिळणार नाहीत. शुगर.

आई, तुझं खाण्याचं. इथे सकाळी लोक 'म्बाझी' आणि 'महाम्री' खातात. म्बाझी म्हणजे आपली तूर, अख्खे दाणे नारळाच्या दुधात शिजवलेले. महाम्री म्हणजे वेलची घातलेली, जराशी गोड, फुगलेली तळणी. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तुझ्या हाताची आठवण येऊन पुढचा घास गिळवेना. चपातीला चपातीच म्हणतात. गाडी 'गारी', पैसा 'पेसा', आंबा 'एम्बे', हिशेब 'हेसाबु'. तांदूळ, डाळी, कढीपत्ता, कोथिंबीर सगळं मिळतं, गुजराती दुकानं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. आपल्या लोकांनी १८९६ पासून इथली रेल्वे बांधली, त्यात कितीतरी जण गेले, काही इथेच राहिले. स्वामीनारायण मंदिर आहे, जैन मंदिर आहे. एकादशीला वरी आणि साबुदाणा तू आणशीलच.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्या घरी नारळ खवायची जी लाकडी बसकण आहे, पुढे दातेरी पातं, ती हुबेहूब आपल्या खवणीसारखी. तिला 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे शेळी. त्या तिच्यावर बसून नारळ खवतात तेव्हा मनगट तुझ्यासारखंच फिरवतात, चव खवला की वाटी अर्धा वळसा. तू यायचीस हे त्यांना सांगून ठेवलंय. भाषेचं काही अडणार नाही. इथली पोरं मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणतात, त्याचा अर्थ पाय धरते. त्यावर तुम्ही 'मराहाबा' म्हणायचं. एवढे दोन शब्द पाठ करा.

बियाशारा स्ट्रीटवर तुला एक सबंध दुपार नेणार आहे. तिथे 'लेसो' मिळतो, रंगीत सुती कापड, जोडीनेच विकतात, मधून कापून कडा शिवून घ्यायच्या. प्रत्येकावर खाली स्वाहिलीत एक म्हण छापलेली असते आणि बायका कापड घेताना आधी ती म्हण वाचतात, कुणाला काय सुनवायचंय किंवा सांगायचंय ते बघून. आईसाठीच्या म्हणी असलेले लेसो वेगळे. मी एक घेऊन ठेवलाय. त्यावर काय लिहिलंय ते तू आल्यावर सांगेन.

बाकी जुन्या गावातल्या गल्ल्या, कोरीव दरवाजे, हे हळूहळू, पाय साथ देतील तेवढंच. हॅलर पार्क आपण नक्की करू, सिमेंटसाठी खणून उजाड झालेली खाण, तिथे एका माणसाने सुरूची झाडं लावत लावत जंगल उभं केलं. २००४ च्या त्सुनामीनंतर अनाथ झालेलं पाणघोड्याचं पिल्लू तिथल्या म्हाताऱ्या कासवाला चिकटून राहिलं होतं. आईला ही गोष्ट मी फोनवर सांगितली होती तेव्हा ती रडली होती. लिकोनीच्या फेरीबोटीने पलीकडे मात्र जायचं नाही, गर्दीत धक्के लागतात.

आता नीट ऐका. घर पहिल्या मजल्यावर आहे, कमोड आहे, दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवून घेतलेत. मच्छरदाणी आहे आणि तीत झोपायचंच, इथे मलेरिया आहे. हॉस्पिटल गाडीने बारा मिनिटं. दुपारी उकडतं, वसईच्या एप्रिलसारखं, पण त्या दिवसांत ईशान्येचा वारा असतो, 'कास्काझी', त्याच वाऱ्यावर पूर्वी आपल्याकडची गलबतं इथे यायची. गॅलरीत बाबांसाठी आरामखुर्ची ठेवली आहे.

परत जाताना भारतात पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड बघतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी लागते, पण साठीनंतर ती डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घ्यायची नाही. आधी आपल्या डॉक्टरांकडे दोघंही जा, बाबांची फाइल घेऊन. ते नको म्हणाले तर मला लगेच सांगा, पुढचं मी बघते. गोळ्या दोन महिन्यांच्या, हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. घड्याळ अडीच तास मागे येईल, तेव्हा गोळ्यांच्या वेळा मी लिहून देईन, तुम्ही मनाने बदलू नका. आई, तुझ्या खणातल्या प्लास्टिकच्या पिशव्या एकही आणू नकोस, इथे २०१७ पासून बंदी आहे. सगळं कापडी पिशव्यांत बांध. कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या वहिनींना मी विचारलंय, त्या हो म्हणाल्या.

दादाला मी सांगितलंय. तो चिडला नाही. तुम्हीही चिडू नका. चिडलात तर इथे आल्यावर चिडा, मी समोर बसून ऐकून घेईन.

पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो उद्याच पाठवा, इथल्या परवानगीचा अर्ज भरायचाय. आणि बाबा, बाथरूममधला दांडा बसवायला माणूस येऊन गेला का? बसवला असेल तर त्याचाही फोटो पाठवा. हाताने ओढून बघा, हलत नाही ना ते.

तुमची,
बेबी