ते टोकन तुझ्याकडे अजून आहे का?

प्रिय बंड्या,

दिवाळीतले तुझे दोन मिस्ड कॉल मी बघितले होते. उद्या करू उद्या करू म्हणत आता मे महिना आला. शिव्या घालायच्या त्या घाल, पण आधी हे पूर्ण वाच, आणि वाचून झाल्यावर माझ्याशी बोलल्याशिवाय काकूंना काही सांगू नकोस. व्हॉट्सअॅपवर लिहायची ही गोष्ट नाही आणि फोनवर माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून रात्री दीड वाजता लॅपटॉप घेऊन किचनमध्ये बसलोय.

इकडे सगळे बरे. मेधाचं बीपी गोळीवर, माझी पाठ जुनीच. नाना मार्चपासून इथे आहेत हे ताईकडून तुला कळलंच असणार. ऐंशी पूर्ण झाली त्यांना. चहा अजून बशीत ओतूनच पितात.

तर झालं असं. शनिवारी नानांना बूट घ्यायला आउटलेटला नेलं. तेच मॉल, जिथून मी तुझ्या चिंगीला लाल जॅकेट पाठवलं होतं. मी सहा वर्षं इंग्लंडमध्ये, स्विंडनला राहतो आणि तुला एकदाही सांगितलं नाही की ते मॉल रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं स्विंडन वर्क्स, अख्खं गाव ज्याच्यावर जगलं ते. सांगितलं नाही कारण २०१८ साली परळ टर्मिनससाठी आपलं परळचं रेल्वे वर्कशॉप बंद करणार अशा बातम्या आल्या, तू मोर्चातून घसा बसलेला मला फोन केलास आणि मी शहाण्यासारखं बोललो की अरे जुन्या शेड आहेत, कधीतरी जाणारच, जमीन बघ केवढ्याची आहे. तू म्हणालास, "त्या शेडमध्ये तुझ्या बापाने बॉयलर ठोकले म्हणून तू आज इंग्रजीत मीटिंगा करतोस," आणि फोन ठेवलास. तुझं बरोबर होतं. हे मी सात वर्षांत बोललो नाही, आज लिहून देतो.

गाडी मुद्दाम रेल्वे व्हिलेजच्या बाजूला लावली. कंपनीने कामगारांसाठी बांधलेली दगडी घरं, तीनशेच्या आसपास, आपल्या चाळींपेक्षा जुनी आणि अजून माणसं राहतात त्यांच्यात. तिथून रुळांखालून पायी जायचा बोगदा आहे. नाना बोगद्यात मध्येच थांबले, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "पम्या, हे गेट आहे." मी म्हटलं कशावरून? "एवढ्या माणसांना एका तोंडातून घ्यायचं म्हणजे हजेरीसाठी. पुढे टाइम ऑफिस असणार." मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं रे. हाच कामगारांचा आत जायचा रस्ता. सगळ्यात जास्त होते तेव्हा चौदा हजार माणसं होती इथे.

बुटांच्या दुकानात पोरगी आठ नंबर घेऊन आली, नाना एका पायात बूट घालून वर बघत बसले. वर काय, तर गॅन्ट्रीचे, म्हणजे वरून चालणाऱ्या क्रेनचे गर्डर. मग उठून त्या तशाच एका बुटावर खांबापाशी गेले, बोटातली अंगठी खांबावर दोनदा वाजवली, कान लावला आणि म्हणाले, "बीड आहे. चांगलं ओतलंय." आठवतं तुला, आपल्या घरची पाण्याची टाकीसुद्धा ते अशीच वाजवून बघायचे? बॉयलरचे स्टे, म्हणजे पत्रे धरून ठेवणारे दांडे, हातोडीने वाजवत जायचं, तुटलेला स्टे वेगळा बोलतो, हे आपल्याला दोघांना त्यांनी आणि तुझ्या वडिलांनी, आण्णांनी, मिळून शिकवलं होतं, वाटी आणि चमच्याने. पोरगी बिचारी दुसरा बूट हातात घेऊन उभी.

मग म्युझियमला न्यावंच लागलं. ते शेजारीच, जुन्या मशीन शॉपमध्ये २००० साली काढलंय. तिथे एक म्हातारा व्हॉलंटियर होता, इथेच अप्रेंटिस म्हणून लागलेला आणि बंद झालं त्या दिवशीही कामावर असलेला. नानांनी त्याचा हात हातात घेतला तो सोडेचनात. मी मध्ये दुभाषी. पण खरं सांगू, अर्ध्या गोष्टींना माझी गरजच पडली नाही. नाना हाताने हातोडी दाखवायचे, तो मान हलवायचा, दोघंही एका कानाने कमी ऐकणारे. तो म्हणाला बॉयलरवाल्यांचे कान असेच जातात. नाना म्हणाले, त्याला सांग आमच्याकडेपण.

तो म्हणाला, आम्ही वर्क्समध्ये काम करतो असं म्हणत नव्हतो, "इनसाइड" आहोत असं म्हणायचो. मी नानांना सांगितलं, हे लोक म्हणायचे आम्ही आत आहोत. नाना एवढे हसले, म्हणाले आमच्याकडे आत म्हणजे ठाण्याला.

भोंगा होता. १८७० च्या दशकात जवळच्या कुणा लॉर्ड बोलिंगब्रोकची झोपमोड होते म्हणून त्याने वर तक्रार केली, परवानगी रद्द झाली, तर यांनी दुसरा भोंगा बसवला! पगारातून थोडे थोडे पैसे कापून १८४७ पासून यांचा मेडिकल फंड होता, डॉक्टर, औषधं, पुढे स्वतःचा दवाखाना, पोहायचा तलाव, हमामसुद्धा. आणि जुलैत "ट्रिप" असायची, म्हणजे वर्क्स बंद आणि रेल्वेच्या फुकट गाड्यांनी सगळं गाव समुद्रावर. पहिल्या महायुद्धाच्या आधी पंचवीस हजारांच्या वर माणसं जायची, गाव ओस पडायचं. कितीतरी वर्षं त्या सुट्टीचा पगार मात्र नव्हता, आल्यावर उधारी. नाना लगेच म्हणाले, गणपतीचं आपलं तेच. पासावर गावाला जायचं आणि आल्यावर मारवाड्याकडे वही.

आता हे तुझ्यासाठी लिहितोय, कारण तू हे विचारणारच, की बंद का झालं. सुरू झालं जानेवारी १८४३ ला, ब्रुनेल आणि गूच या कंपनीच्या दोन इंजिनिअरांनी जागा ठरवली. आपलं परळचं १८७९ चं, म्हणजे हे छत्तीस वर्षांनी मोठं. नुसतं ए शॉप, म्हणजे इंजिनं बांधायची मोठी शेड, अकरा एकरांवर होतं. ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन, ईव्हनिंग स्टार, मार्च १९६० मध्ये इथूनच बाहेर पडलं. मग यांनी डिझेल हायड्रॉलिक इंजिनं केली, म्हणजे डिझेलची ताकद तेलाच्या दाबाने चाकांना देणारी, वॉरशिप, वेस्टर्न अशा नावांची. कारागिरीत कुठे कमी नव्हती. पण वरच्यांनी ठरवलं की देशभर डिझेल इलेक्ट्रिकच, म्हणजे डिझेलवर वीज करून मोटारीने चालणारी, चालवायची, हायड्रॉलिक मोडीत काढली, १९७७ पर्यंत सगळी गेली. म्हणजे यांनी जे शिकून घेतलं तेच नको झालं. १९६५ नंतर देशासाठी नवं इंजिन नाही, नुसती दुरुस्ती आणि भंगार. १९७९ च्या सुमाराला केनियासाठी थोडी मीटरगेजची बांधली तेव्हा लोकांना वाटलं आता पुन्हा सुरू होणार. आणि १९८५ साली, म्हणजे कंपनीला दीडशे वर्षं झाली म्हणून सोहळ्याची तयारी चालली होती त्याच वर्षी जाहीर झालं की बंद. २६ मार्च १९८६ ला भोंगा शेवटचा वाजला. ए शॉप पाडलं, तिथे आता घरं आहेत. मॉल १९९७ चं.

नानांना हे सांगत होतो तर ते म्हणाले, "एका दिवसात बंद होत नाही कारखाना. आधी नवीन पोरं घ्यायचं बंद करतात." तो म्हातारा काय म्हणाले विचारत होता, मी सांगितलं, तो काही बोललाच नाही, नानांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

आता खरी गोष्ट. पुढे एका काचेत पितळी बिल्ले लावलेत, नंबर कोरलेले. इकडे त्याला चेक म्हणतात. आपलं गेटवरचं हजेरीचं टोकन रे. नाना काचेला नाक लावून उभे राहिले. मला वाटलं झालं आता, जुन्या आठवणी. तर ते एकदम शांतपणे म्हणाले, "माझं टोकन आण्णाने घेतलं होतं."

बंड्या, माझे पाय थंड पडले.

तुला सांगायला नको. १९८३, मंडळाच्या खोलीत पत्ते चाललेले, खुंटीवर शर्ट, खिशात टोकन. मी काढलं आणि तू म्हणालास दहा पैशाचं एवढं मोठं होतं तर याचं ताटाएवढं होईल. करी रोडच्या पुलापलीकडे त्या फुटक्या भिंतीतून जाऊन रुळावर ठेवलं. चपटं झालं, नंबर पुसला गेला, आपण एकमेकांच्या गळ्याची शपथ घेतली आणि तू ते तुझ्या कंपासपेटीत लपवलंस. त्यानंतर "आयडिया कुणाची" यावर तू मला कितीदा छळलंयस. चोरलं मी. माझ्या बापाच्या खिशातून मीच काढलं. आता तो वाद संपला.

आपल्याला काय माहीत होतं, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांची ट्रेड टेस्ट होती. नाना गेटवर टोकन शोधत राहिले, घरी पळत आले, परत गेले, टाइम ऑफिसात अर्ज करून आत पोचेपर्यंत टेस्ट संपलेली. आण्णा पास झाले. नानांची पुढच्या खेपेला, सव्वा वर्षाने. आणि आदल्या रात्री त्या खुंटीच्या बाजूला आण्णा बसलेले. नानांनी मनात हिशोब केला आणि तेव्हापासून बोलणं टाकलं. युनियनच्या इलेक्शनवरून फाटलं असं अख्खी चाळ समजत होती, आपणही तेच समजत होतो. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात आण्णांना पकडून नेलं तेव्हा वीस दिवस नाना तुमच्या घरी आधी तांदूळ पोचवायचे आणि मग आमच्या, असली ती दोन माणसं.

मी विचारलं, नाना, तुम्ही आण्णांना कधी विचारलंत का? म्हणाले, "काय विचारायचं. तो दोनदा घरी आला होता, मी मोरीत जाऊन बसलो." म्हणजे आण्णांना शेवटपर्यंत कळलंच नाही की त्यांचा गुन्हा काय. २००९ ला त्यांना नेलं तेव्हा नाना स्मशानाच्या दारापर्यंत आले आणि आत आले नाहीत, तू त्यावरून माझ्याशी भांडला होतास, विचारत होतास की माझ्या बापाने तुझ्या बापाचं काय घोडं मारलं होतं. काहीच नाही मारलं रे. आपण मारलं.

तीन रात्री झोप नाही. नानांना सांगितलं तर या वयात त्यांना कळणार की सव्वीस वर्षं आपण उगाच एका माणसाला तोडलं, आणि आता माफी मागायला तो माणूसही नाही. नाही सांगितलं तर ते आण्णांना चोर समजतच जाणार, आणि हे मला सहन होत नाही. काल सकाळी चहाच्या वेळी सांगायलाच बसलो होतो. ते मोबाइलवर त्या म्हाताऱ्याबरोबरचा फोटो बघत होते, म्हणाले, "आण्णा असता तर त्याला दाखवला असता." बघ म्हणजे, चोर समजतात आणि फोटो त्यालाच दाखवायचाय. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

मला सांगायचंय. पण आण्णा तुझे वडील, म्हणून तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. आणि काकूंना सांगायचं की नाही हे तूच ठरव. मेधा म्हणते नानांना त्रास होईल, राहू दे. मेधाला आण्णा माहीत नाहीत. माझं मन म्हणतं नाना रागावतील, दोन दिवस जेवणार नाहीत, आणि मग स्वतःच म्हणतील चल बंड्याकडे.

चिंगीची बारावी झाली ना? कुठे टाकतोयस? तुझ्या साखरेचं काय, आणि वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, मला काहीच माहीत नाही, फोनवर सगळं सांग. केसांना तो काळाभोर रंग लावायचा सोड, ताईने फोटो पाठवला, कोळशाच्या शेडमधून आल्यासारखा दिसतोस. आणि तुमच्या शॉपमध्ये नवीन अप्रेंटिस घेतायत का, हे नानांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय. हो की नाही एवढं तरी कळव, रोज विचारतात.

एक काम कर. ती कंपासपेटी, निळी, झाकणावर तू ब्लेडने इंजिन कोरलेलं, ती तुझ्या आईच्या ट्रंकेत होती असं तूच चिंगीच्या बारशाला म्हणाला होतास. बघ आहे का. मिळालं तर घासू बिसू नकोस, आहे तसं ठेव. नानांचं परतीचं विमान अठरा जूनला आहे, मी सोडायला येतोय, दहा दिवस आहे. विमानतळावर येऊ नकोस, आम्हीच तुझ्याकडे येतो, आण्णांच्या फोटोसमोर बसून मीच सांगीन. तू फक्त टोकन माझ्या हातात दे. आणि नको म्हणालास तर गप्प बसेन, तुझ्या गळ्याची शपथ.

रविवारी तुझ्या संध्याकाळी सहाला फोन करतो. उचल रे.

तुझा,
पम्या