चिऊचं बोरन्हाण यंदा पुण्यात

पुणे, ४ जानेवारी २०२६

ती. आईबाबांना सा. न.

चिऊचं बोरन्हाण वाईला न करता इथे पुण्यात करायचं आम्ही ठरवलं आहे. रविवार, २५ जानेवारी, रथसप्तमी. आणि आई, दागिन्यांचा हलवा मी विकत आणलाय. फोनवर तू नुसतं "बरं" म्हणालीस. तुझं "बरं" मला ओळखू येतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पत्र तूच मोठ्याने वाच, बाबांच्या डोळ्याला आत्ता बारीक अक्षर नको.

आधी तारखेचं. संक्रांत बुधवारी येतेय, त्या दिवशी कुणालाच सुट्टी नाही. पुढचा रविवार अठरा तारखेचा, ती पौष अमावास्या. तुला चाललं नसतं आणि सासूबाईंनाही. मग राहिली रथसप्तमी. बोरन्हाण तोवर चालतंच आणि यंदा ती नेमकी रविवारी आलीये. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारीची सुट्टी, म्हणजे लांबून येणाऱ्यांचीही सोय. वाईला मागच्या अंगणात केलं असतं तर मलाही आवडलं असतंच. पण घर माणसांनी भरलं की तू ओट्यापासून हलत नाहीस आणि बाबा "काही होत नाही गं" म्हणत सतरंज्या ओढायला जातात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्या दिवशी जेमतेम चार आठवडे होतील. इथे तुम्हा दोघांना कुणी जागेवरून उठू देणार नाही. दादालाही पटलंय. त्याने अजून तुम्हाला सांगितलं नसेल, तो मुद्दाम माझ्या पत्राची वाट बघतोय.

आता हलवा. तुळशीबागेतून आणलेला पांढराशुभ्र आहे, दाणे सगळे एका मापाचे, पण काटा बोथट. तुझ्यासारखा नाही, हे मी तुला खूश करायला लिहीत नाहीये. वाटीभर साखरेला अर्धी वाटी पाणी, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढायची, पाक एकतारीच्या जरासा अलीकडे थांबवायचा. परातीत भाजलेले तीळ, खाली मंद निखारे, आणि चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी हलकं फिरवत राहायचं. दाणे कोरडे होऊन परातीत वाजायला लागल्याशिवाय दुसरा चमचा घालायचा नाही. घाई केली की गोळे होतात. आच वाढली की साखर पिवळी पडते आणि आलेला काटाही झडतो. परातीला धरलेली भुकटी पुसली नाही तर तीच दाण्याला बसून काटा बुजतो. हवा कोरडी आणि थंड हवी, म्हणून पहाटे उठायचं. रात्री फडक्याखाली झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे सगळं शेगडीपुढे पाट घेऊन, तासन् तास, चार-पाच दिवस. आई, तुझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला हे आता झेपणारं नाही. डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू स्वयंपाकघरात शिरताना काढून खुंटीला लावतेस, हेही मला माहीत आहे. (बाबांनी सांगितलेलं नाही, त्यांना रागावू नकोस.) आणि कोळशाचा धूर बाबांच्या डोळ्याला अजिबात नको.

तरी तुझा हात चिऊच्या मुकुटाला लागायलाच हवा. म्हणून एवढं कर: एकवीस लवंगांवर हलवा कर. जास्त नाही. बोंड शाबूत असलेल्या लवंगा निवड. परात छोटी घे, गॅस अगदी बारीक, मध्ये जाड तवा ठेव म्हणजे परात एकदम तापणार नाही. उंच स्टुलावर बसून, रोज सकाळी अर्धा तास. पाकाचा चमचा वहिनीच्या हातात दे, तू फक्त फिरव, तेही आळीपाळीने डाव्या हाताने. मुकुटाच्या मध्यभागी मी त्या एकवीस दाण्यांची जागा रिकामी ठेवतेय. त्यांना चिऊचा हात पोचणार नाही.

बाकीचे दागिने मी बांधतेय, तुझ्याच पद्धतीने. हलव्याला सुई लावली की दाणा फुटतो, म्हणून दोऱ्याच्या गाठीतच धरायचा. सुती दोरा दुपदरी, कारण नायलॉनची गाठ सरकते. अर्धी गाठ सैल मारायची, तिच्या कडीत दाणा बसवायचा, दोन्ही टोकं बेताने ओढायची, मग त्यावर दुसरी गाठ. जास्त ओढलं की काटे मोडतात, सैल राहिलं की घरभर हलवा. हाताला घाम असेल तर दाणा पिवळट पडतो, म्हणून शेजारी कोरडं फडकं घेऊन बसते. तयार झालेले सर घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत तांदळाची पुरचुंडी. मुकुट पुठ्ठ्याचा, पण सोनेरी कागदाची कड कपाळाला कापते, म्हणून आतून काळ्या सुती कापडाची दुमड शिवलीये. डिंक, टाचण्या, खोटे मोती काहीही नाही. ती सध्या जे हातात येईल ते तोंडात घालते. खालचे दोन दात आलेत आणि त्यांचा उपयोग कळलाय. हाराला मागे साधी फीत, ओढली की सुटेल अशी. बाजूबंद आणि कमरपट्टा आहे, पण मनगटाला काही नाही, ते पहिल्या मिनिटाला तोंडात जाईल. सगळं फोटोपुरतं दहा मिनिटं घालायचं आणि काढायचं. आई, तेव्हा "राहू दे की अजून थोडं" म्हणू नकोस, प्लीज.

झबलं मात्र तूच शिव. आजीच्या चंद्रकळेचा जो तुकडा तू ठेवलायस, त्याचंच. नवं काळं कापड चार वेळा धुतलं तरी रंग सोडतं आणि घामाने तो अंगाला लागतो, जुनी चंद्रकळा धुऊन धुऊन मऊ झालेली आहे. मापं लिहून घे: छाती ४५ सेंटिमीटर आहे, म्हणून झबल्याची सपाट रुंदी २७ ठेव, उंची ३६. पाठीवर उघडं, दोन नाड्या. बटणं नकोत, हुक तर नकोतच. शिलाई बाहेरच्या बाजूला आली तरी चालेल, आत टोचायला नको. जरीचा काठ फक्त खालच्या घेराला लाव, त्याला आतून अस्तर दे. आत एक जुनं पातळ झबलं मी घालीनच. मशीनवर शिव, हाताने टाके घालत बसू नकोस. नेहमीची गोधडी आत्ता नको, ती उन्हाळ्यात आपण दोघी मिळून घालू. मधले थर तू लाव, धावदोरा मी घालीन.

बाबा, तुमच्या पांगुळगाड्याबद्दल. सागवानाचे तुकडे कापून तयार आहेत हे मला कळलं आणि खूप बरं वाटलं. पण पॉलिश पेपर घासायचा नाही. लाकडाचा भुसा डोळ्यात जाणं आत्ता सगळ्यात वाईट. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ती पेटी उघडायची नाही. घाईही नाहीये. चिऊ अजून रांगते, टीपॉय धरून उभी राहते आणि धपकन बसते. गाडा लागेल तो धरून पावलं टाकायला लागली की, म्हणजे मार्चनंतरच. तोवर घासायचं काम दादाकडे द्या: आधी १२० नंबर, मग २२०, रेषांच्या दिशेने. कडा गोल झाल्या पाहिजेत. रंग नको, जवसाचं साधं कच्चं तेल दोन हात, आणि मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा. जोडणी तुम्ही करायची, ती दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

दोन गोष्टी बदला मात्र. वाईला शहाबादी फरशी आहे, इथे गुळगुळीत टाइल. लाकडी चाकं टाइलवर सुटतात, गाडा पुढे पळतो आणि पोर तोंडावर पडतं. म्हणून चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट बसवा आणि मागच्या दोन चाकांचे आस जरा आवळून ठेवा, फिरताना अडखळतील इतके. दुसरं, ती दांडा धरून अंगाचा भार मागे टाकेल तेव्हा गाडा उलटायला नको. पुढच्या चाकाजवळ, अगदी खाली, दोन किलो वाळूची पिशवी बसेल असा खण करा. दांडा तिच्या छातीच्या उंचीला हवा. मापाची दोरी मी पाठवतेय, गाठ मारलीय तिथपर्यंत.

बोरन्हाणाच्या दिवशी चिऊ पाटावर, माझ्या मांडीत. औक्षण सासूबाई आणि आई दोघींनी करायचं. डोक्यावरून ओतायचं ते सावकाश, खांद्यावर आणि मागे. समोरून तोंडावर नाही. तिच्यावर फक्त चुरमुरे, मोठी बोरं आणि उसाचे सोललेले जाड करवे. शेंगदाणे, हरभरे, हलवा, रेवड्या, गोळ्या हे सगळं पिशव्यांत भरून मोठ्या मुलांना हातात द्यायचं. नऊ महिन्यांच्या बाळाच्या घशात शेंगदाणा अडकायला क्षण पुरतो. पाव किलो चुरमुरे भरपूर होतात, बोरं दीड किलो. ओतून झालं की मुलं झडप घालतील. त्या वेळी बाबांनी खिडकीजवळच्या खुर्चीत, काळा चष्मा लावून बसायचं. एखादं बोर उडून डोळ्याला लागलं तर? मला हसू नका. आणि पूर्ण खोली झाडून होईपर्यंत चिऊला खाली सोडायचं नाही, दाणे सोफ्याखाली जातात आणि तिला बरोबर सापडतात. तिळगूळही तिला चाटवू नका, साखर-गूळ तिला वर्षाची होईपर्यंत देत नाही. आई, मला तू काय काय चाटवलंस ते माहीत आहे आणि मी ठणठणीत आहे, तरी नको.

तुमची खोली बाथरूमला लागून आहे. कॉट अठरा इंच उंच, वर कापसाची गादी, फोम नाही. रात्री छोटा दिवा जळता राहील. गीझर सकाळी साडेपाचला लावते, बाबांना डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, अंग पुसायला मोठा टॉवेल काढून ठेवलाय. चहा गुळाचाच, पेपर तोच आणि बाल्कनीत ऊन साडेआठला येतं. गूळपोळ्या तू करणारच, म्हणून आधीच सांगते: गूळ किसून सारण वाईहून आण, कणीक इथे भिजवू आणि लाटायला आमच्या पोळीवाल्या मावशी येतील. तू फक्त पहिली पोळी बघून "सारण कडेपर्यंत गेलं नाही" म्हणायचं.

गाडी गुरुवारी, बावीस तारखेला सकाळी दहाला येईल. शनिवारी महाबळेश्वरची गर्दी आणि सोमवारी परतीची, म्हणून जाताना सत्तावीसलाच निघायचं. सुरूर फाट्यावरून हायवेला लागलात की खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळला एकदा थांबा, आईचे पाय मोकळे होतील. डोळ्याचे थेंब पर्समध्ये ठेव, डिकीत नको. दोन औषधांमध्ये दहा मिनिटं हवीत, एकामागोमाग घातले की पहिलं वाहून जातं. हात धुऊनच घाल आणि बाटलीचं टोक पापणीला लावू नकोस. बाबा, डोळा चोळायचा नाही, बॅगा उचलायच्या नाहीत. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, तुमच्याशी वाद घालायची परवानगी त्याला दिली आहे.

शुक्रवारी सकाळी, झेपलं तर, चिऊला घेऊन सारसबागेत जाऊ. थंडीत तळ्यातल्या गणपतीला स्वेटर घालतात, तो आईला दाखवायचाय. शेजारीच पेशवे पार्क. फुलराणी १९५६ पासून धावतेय, बाबांच्याच वयाची. चिऊ मांडीवर बसेल आणि बाबा, तुम्ही मला जसं "बोगदा आला, डोकं खाली" म्हणायचात तसं तिला म्हणा. टोपडं, मोजे, उकडलेल्या रताळ्याचा डबा मी घेईन. तासाभरात परत.

अंगठ्याचा पट्टा घालूनच झबलं शिवायचं. लवंगा एकवीसच. तुम्ही दोघं इथे पोचेपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नाही, म्हणून शिरवळहून फोन करा.

चिऊने पत्राचा कोपरा चावलाय, तो तसाच पाठवतेय.

तुमची
बाबी

ता. क. परसातल्या बोरीची बोरं आणायची असतील तर आणा, पण आदल्या दिवशी दादाला काढू दे. बाबांनी काठी घेऊन झाडाखाली वर बघत उभं राहायचं नाही.