फिलर घेण्याआधी विचारायचा प्रश्न

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतला चेहऱ्याच्या फिलरविषयीचा, म्हणजे सुरकुत्या किंवा खळगे भरायला त्वचेखाली टोचतात त्या जेलविषयीचा लेख वाचला. 'शस्त्रक्रिया नाही, म्हणजे धोका नाही' असा त्याचा एकंदर सूर. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे तो खटकला.

दात घट्ट आवळले की जबड्याच्या कोनाशी जो स्नायू टणक होतो, त्याच्या पुढच्या कडेला हाडावर बोट टेकवा. चेहऱ्याच्या धमनीचे ठोके लागतील. तिथून ती नागमोडी वळणं घेत ओठाच्या कोपऱ्याशी आणि नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे जाते. हे झालं पुस्तकातलं चित्र. विच्छेदनाच्या टेबलावर मात्र एकाच चेहऱ्याच्या दोन बाजूही जुळतीलच असं नाही. कुणाची धमनी ओठापाशीच संपते, कुणाची मध्येच त्वचेच्या अगदी जवळ येते. म्हणून 'चेहरा मला तोंडपाठ आहे' म्हणणाऱ्या डॉक्टरची मला जास्त भीती वाटते.

खरी गोम नाकाच्या मुळाशी आणि भुवयांच्या मध्ये आहे. तिथे चेहऱ्याच्या धमन्या डोळ्याच्या धमनीच्या फांद्यांना मिळतात. सुईचं टोक धमनीत शिरलं आणि दट्ट्यावर जोर पडला, तर जेल प्रवाहाच्या उलट, मागे ढकललं जातं. दाब सुटला की रक्त तेच जेल पुढे लोटतं आणि ते दृष्टिपटलाच्या धमनीत जाऊन अडकतं. पाहता पाहता डोळ्यापुढे अंधार. अशी गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. हे क्वचित घडतं, हे खरंच, पण घडतं. स्वतःच्या शरीरातली चरबी काढून भरली तरी हा धोका टळत नाही.

आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघतात. पण सुईत घट्ट जेल असताना रक्त दिसलं नाही म्हणून टोक धमनीबाहेर आहे, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. बोथट टोकाच्या नळीने धोका कमी होतो, संपत नाही.

म्हणून 'तुम्ही किती जणांना फिलर दिलंय?' यापेक्षा 'हायल्युरॉनिडेज आत्ता इथे आहे का?' हे विचारावं. हे उतारा म्हणून टोचायचं औषध; हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर त्याने विरघळतं. कॅल्शियमच्या फिलरवर त्याचा इलाज चालत नाही. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर सरळ उठून यावं. घरच्या घरी दाबाने फिलर त्वचेत घुसवणाऱ्या बिनसुईच्या 'पेन'बद्दल तर बोलायलाच नको. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०२१ मध्येच त्यांबाबत इशारा दिला आहे.

फिलरनंतर त्वचा पांढरीफटक पडली, जाळीसारखे जांभळट डाग उमटले किंवा दुखणं वाढत गेलं, तर बर्फ लावून सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांना लगेच गाठावं. नजर धूसर झाली तर तडक नेत्ररोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका