आई-बाबा, दुसऱ्यांच्या घरातल्या जुन्या वस्तू मी का आणते

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर मागची फळी आणि त्यावरच्या बरण्या, डबे, काठवट बघून आई तू म्हणालीस ना, की कुणाकुणाच्या मेलेल्या माणसांच्या वस्तू घरात आणून भरतेयस, तर त्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. बाबांचा आवाज तुटत होता, तुमच्याकडे झोपायची वेळ झाली होती. म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढावं, बाबा प्रिंट काढून तुला वाचून दाखवतील.

आधी हे सांगते की मी हे जिथे राहते तिथलंच गोळा करते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर आणि आजूबाजूच्या भागात अठराव्या शतकात जर्मनीकडून शेतकरी, विणकर, सुतार, कुंभार असे खूप लोक आले आणि त्यांचे वंशज अजून इथेच शेती करतात, त्यातले घोडागाडीवाले आमिश लोक तुम्ही फोटोत बघितलेत. या लोकांनी शोभेची वस्तू वेगळी आणि वापराची वस्तू वेगळी असं फारसं मानलं नाही, पीठाचा डबा असो की मुलीच्या लग्नाची पेटी, त्यावर ट्युलिपचं फूल, बदामाचा आकार, पिवळा पक्षी काढायचाच. हे कुणी आर्ट स्कूलमध्ये शिकलेले नव्हते. मला त्यातलं हेच इतकं आवडतं की कामाची वस्तू करतानाच चार मिनिटं जास्त देऊन ती सुंदर केलीय.

आई, तुला जी राखाडी बरणी दिसली ती लोणच्याच्या बरणीचीच इकडची बहीण समज. दोन गॅलनची आहे, म्हणजे साधारण साडेसात लिटर, आणि तो २ आकडा कानाखाली दाबून उमटवलेला आहे. त्याच्या वर हॅरिसबर्गच्या काउडन अँड विलकॉक्स यांचा शिक्का, हे लोक १८६०च्या दशकापासून पुढची काही वर्षं बरण्या करायचे. समोर निळ्या रंगात एक फूल, कुंचल्याच्या पाच-सहा फटकाऱ्यांत काढलेलं, कुठेही हात थांबलेला दिसत नाही. तो निळा म्हणजे कोबाल्ट, एवढ्या आचेत टिकणारा रंग दुसरा मिळायचा नाही म्हणून बहुतेक बरण्यांवर निळंच काम असतं. आणि वरची चमक आहे ना, ती मिठाची आहे! भट्टी पूर्ण तापली की वरच्या भोकांतून मीठ टाकायचे, त्याची वाफ होऊन मातीतल्या वाळूशी मिळून बाहेरून काचेचा थर चढायचा, त्यामुळे हात फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखं बारीक खरखरीत लागतं. आत वाफ नीट पोचत नाही म्हणून आतून वेगळा तपकिरी लेप दिलेला असतो. एका कानाशी, जिथे तो बरणीला चिकटवलाय तिथे, करणाऱ्याच्या अंगठ्याचा दाब अजून आहे, माझा अंगठा त्यात बसतो. यात कोबी मिठात घालून ठेवायचे थंडीसाठी. हिला तडा गेलाय म्हणून मला शंभर डॉलरच्या आत मिळाली, नाहीतर पक्षी किंवा चेहरा काढलेल्या बरण्या लिलावात हजारांत जातात आणि त्या माझ्या आवाक्यात नाहीत.

त्या शेजारची लाल मातीची थाळी मात्र फक्त बघायची आहे, त्यात आम्ही काही खात नाही, काळजी करू नकोस. तिच्या ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या चकचकीत लेपात, शिसं असतं आणि व्हिनेगर, लोणचं असं आंबट त्यात ठेवलं की ते शिसं उतरतं. पूर्वीच्या लोकांनी त्यात बरंच खाल्लंय, हे वाचल्यापासून त्या थाळीकडे बघताना मला वाईटही वाटतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. इथल्या शेतघरांमध्ये लाकडी पेट्या असत, मुलगा-मुलगी मोठी व्हायला लागली की एकेकाला करून देत, कपडे आणि चादरी ठेवायला. कोपऱ्यांना हाताने कापलेले डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणारे खाचांचे सांधे, आत डाव्या-उजव्या बाजूला झाकणाचा एक छोटा कप्पा. मी अशा पेट्या विकत नाही घेऊ शकत पण लिलावाच्या आदल्या दिवशी सगळ्यांना हात लावून बघायला देतात तेव्हा मी तासन्‌तास बघत बसते आणि तुम्ही आयटीआयच्या पोरांना जे शिकवायचात तेच सगळं मला तिथे कामाला येतं. तळाची फळी उलटून बोटं आडवी फिरवायची, हाताच्या रंध्याने काढलेली असेल तर उथळ लाटा लागतात, मशीनची असेल तर सपाट. करवतीचे वण सरळ रेषेत आहेत की गोलाकार ते बघायचं, गोल असतील तर ते फिरत्या करवतीचं म्हणजे बहुतेक १८३० नंतरचं. तारेचे गोल खिळे दिसले आणि विकणारा सांगतोय १८००ची पेटी, तर एकतर नंतर दुरुस्ती झालीय नाहीतर तो फसवतोय. आणि सगळ्यात मजेची गोष्ट, लेथवर काढलेला जुना लाकडी वाडगा मोजला तर तो बरोबर गोल भरत नाही! लाकूड आडव्या रेषेत आखडतं, उभ्या रेषेत आखडत नाही, शंभर-दीडशे वर्षांत गोलाचं किंचित लंबगोल होतं. तुम्ही मला लहानपणी दाराची फळी पावसात का फुगते ते सांगितलं होतं, तेच हे. मी आता पर्समध्ये टेप घेऊनच जाते.

शेकर म्हणून एक पंथ होता, त्यांची मूळ बाई अ‍ॅन ली १७७४ साली इंग्लंडहून इकडे आली, हे लोक ब्रह्मचर्य पाळून एकत्र राहायचे आणि सगळं स्वतः बनवायचे. त्यांचे लंबगोल डबे तुम्ही बघाच, मी फोटो पाठवते. मेपलची पातळ पट्टी गरम पाण्यात मऊ करून साच्याभोवती गुंडाळायची आणि जिथे टोक टोकावर येतं तिथे ते सरळ न कापता तीन-चार निमुळती बोटं कापायची. दिसायला नक्षी वाटते पण कारण असं की लाकूड फुगलं-आखडलं तरी त्या बोटांच्या मधे जागा असते, म्हणून फाटत नाही, वाकत नाही. खिळे तांब्याचे, लोखंडाचे गंजून लाकडावर डाग पडतात ना. मला वाटतं या डब्यात एकही गोष्ट फुकट केलेली नाही.

आणि बाबा, हात जोडून सांगते, आजीची ती हिरवी पेटी घासून पॉलिश करू नका. इकडे मधल्या काळात लोकांनी जुन्या पेट्या-कपाटं केमिकलच्या टाकीत बुडवून रंग उतरवले, आतलं लाकूड छान दिसावं म्हणून, आणि दीडशे वर्षांचा रंग, हाताने झिजलेल्या जागा, सगळं एका दुपारी गेलं. आता तेच लोक जुना रंग शाबूत असलेली पेटी शोधत फिरतात. रंग एकदा गेला की गेला. कोरड्या फडक्याने पुसा, बस.

आता आई तुझा मुद्दा. मी पण आधी बिचकत होते. इथे वसंत ऋतू लागता लागता, बर्फ वितळून शेतात चिखल असतो तेव्हा गावोगावच्या अग्निशमन दलासाठी लिलाव होतात, त्यांना मड सेलच म्हणतात, बंब चालवणारे सगळे गावातले स्वयंसेवक असतात आणि त्यांच्या खर्चाचे पैसे यातून उभे राहतात. गोधड्या, बग्ग्या, नांगर, खुराड्यातल्या कोंबड्या, सगळं एकाच वेळी, आणि चार-पाच ठिकाणी बोली चालू. तिथेच मी ती काठवट घेतली. घेतल्यावर एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली, म्हणाली ही माझ्या आईची, आणि तिने मला दाखवलं की एका कडेची धार का झिजलीय, आई डावखुरी होती आणि पीठ खरवडायचं पातं त्याच कडेला पुसायची. शनिवारी पीठ मळून त्यावर कोणतं फडकं घालायची तेही सांगितलं. मी विचारलं मग विकता का, तर म्हणाली मुलं दूर, घर लहान, आणि तू तिला भिंतीला टांगणार नाहीस ना? मी म्हटलं चपात्यांची कणीक मळणार. ती हसली आणि माझा हात धरून उभी राहिली. आई, मी त्यात खरंच कणीक मळते. तिच्या आईची वस्तू रोज हातात घेताना मला एकदाही अशुभ वाटलं नाही.

इथले शाळामास्तर आणि फिरते लेखनिक पूर्वी मुलांचे जन्म-बाप्तिस्म्याचे दाखले हाताने लिहायचे, भोवती फुलं-पक्षी रंगवून, आई-बापाचं नाव, आईचं माहेरचं नाव, गाव, तारीख, आणि कित्येकदा रास सुद्धा! ते फ्रेम करून लावायचे नाहीत, बरेचदा पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेले सापडतात, त्यामुळे ऊन न लागता रंग टिकले.

तुम्ही याल तेव्हा मी तुम्हाला डॉयलस्टाउनला नेणार आहे. तिथे हेन्री मर्सर नावाचा गृहस्थ होता, त्याने १८९७ मध्ये एका जुन्या सामानवाल्याकडे शेतकऱ्यांची टाकून दिलेली हत्यारं बघितली आणि त्याला वाटलं की हाताने काम करणाऱ्यांचा हा सगळा इतिहास भंगारात चाललाय, तेव्हापासून त्याने गोळा करायला सुरुवात केली आणि १९१३ ते १९१६ मध्ये अख्खी काँक्रीटची सहा मजली इमारत बांधली. मध्ये उंच चौक आणि छताला टांगलेल्या गाड्या, खुर्च्या, पाळणे, होड्या. मी पहिल्यांदा वर बघितलं तेव्हा मला शाळेच्या सहलीतलं पुण्याचं केळकर संग्रहालय आठवलं, दिनकर केळकरांनी तसेच अडकित्ते, दिवे, दरवाजे जमवले आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ठेवले. गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर एकच जुनं लाकडी बदक लाइट टाकून ठेवतात त्यापेक्षा मला ही दाटी जास्त खरी वाटते.

बदकावरून आठवलं, पैशाचं पण सांगते कारण बाबा विचारतीलच. शिकारी पाण्यात सोडायला लाकडी बदकं कोरायचे, खरी बदकं खाली उतरावीत म्हणून.  मॅसेच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेलने कोरलेलं एक बदक आणि एक हंस २००७ मध्ये प्रत्येकी ११ लाख डॉलरच्या वर गेले. पण ते वरचं टोक आहे, साध्या वस्तूंचे भाव उलट पडलेत कारण तरुणांना जड लाकडी सामान नको असतं. मी गुंतवणूक म्हणून काही घेत नाही आणि घरखर्चातून घेत नाही, एवढं नक्की.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डचे रांजण लावले होते. त्यातले काही घडवणारा डेव्ह, पुढे डेव्हिड ड्रेक, हा गुलाम होता. त्या राज्यात १८३४च्या कायद्याने गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा होता, आणि हा माणूस ओल्या मातीवर स्वतःचं नाव, तारीख आणि कधी दोन ओळींची कविता कोरायचा. १८५९ साली त्याने केलेला एक रांजण जवळजवळ ४० गॅलनचा आहे, दीडशे लिटर! १८५७च्या एका रांजणावर तो विचारतो की माझे सगळे नातेवाईक कुठे असतील. विकली जायची ना माणसं, कोण कुठे. मी तिथे रडले. दीडशे वर्षांहून जास्त काळ गेला तरी आपण त्याला नावाने ओळखतो कारण त्याने ते लिहिलं, आणि बाकीच्या हजारो चांगल्या वस्तूंखाली इथे एकच लिहिलेलं असतं, करणारा अज्ञात.

म्हणून बाबा माझं एक काम करा. देवघर, चारही पाट, आईचं पोळपाट, दादाचा स्टडी टेबल, बंडूकाकांच्या घरातला झोपाळा, तुम्ही केलेल्या एकाही वस्तूवर तुमचं नाव नाही. तुम्ही म्हणाल घरच्या वस्तूवर कशाला. लिहा. खालच्या बाजूला, जिथे झिजणार नाही तिथे, पटाशीने किंवा तापवलेल्या खिळ्याने, नाव, सातारा आणि साल. लाकूड कुठलं, कुणासाठी केलं ते आठवत असेल तर तेही. मार्कर वापरू नका, तो उडतो, साधी पेन्सिल चालेल, जुन्या खणांच्या तळाला पेन्सिलीतली नावं मी अजून वाचलीयत. आणि आजीच्या पेटीबद्दल, आजीबद्दल जे काय माहीत आहे ते आई तू सांग आणि बाबांनी कागदावर लिहून पेटीत ठेवावं, झाकणाला चिकटवू नका, गोंदाने कागद खराब होतो.

झाले की फोटो पाठवा, खालच्या बाजूचे. पाट उलटे करताना कंबर सांभाळून, दादाला हाताशी घ्या. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला का ते कुणी मला सांगितलंच नाही, तेही कळवा.

तुमची,
मनू