आबाजींची झडती

दारव्हा

प्रिय लंब्या,

फोनवरच सांगितलं असतं, पण तू मीटिंगमध्ये आहो म्हणतो अन् मागून कुकरच्या शिट्ट्या येतात. इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याचं जुनंच.

गाणं झालं बे! आपलं पहिलं. तुझ्या आबाजींची झडतीच घेतली, पोळ्याले बैलांच्या तोरणाखाली म्हणतात ते टोमण्यांचं गाणं. बँडचं नाव तू म्हणत होता तेच ठेवलं, आता तरी ड्रमवाल्याशी बोल. सुरुवातीला तुमच्याच बैलाची घुंगरमाळ वाजते. जिनिंगच्या रिकाम्या गोदामात आवाज घुमत होता, म्हणून भिंतींना गाद्या टेकवल्या, माळेतली निम्मी घुंगरं चिंध्यांनी बांधली, तेव्हा कुठे ठेका मोकळा झाला. मग बास, मग गिटार, अन् मग सगळे मिळून:

वाफेची गेली, डिझेलची आली, तरी यवतमाळ दूर
भाव पुसाले गेला कापूस, हसलं मूर्तिजापूर
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

‘महादेव’ले गल्लीतले सगळे पोट्टे आहेत. गावावर रॉक होत नाही म्हणे! ये अन् ऐक.

आता घोळ. ऑनलाइन टाकताना गीतकाराचं नाव भरावं लागते. मी ‘पारंपरिक’ लिहीत होतो, तर ड्रमवाला भडकला. “पारंपरिक कायचं बे? १९९४ मध्ये शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन काढलं, त्याच पोळ्याले आबाजीनं हे म्हटलं. माह्या बापानं ऐकलं.” खरंच आहे, परंपरेत डिझेल कुठून येईल? पण नाव टाकावं, तर हा माणूस दरसाल तोरणाखाली सरपंचापासून सावकारापर्यंत एकेकाची सालं काढायचा अन् कोणी जाब विचारला की म्हणायचा, “म्या नाई म्हटलं, बैलानं म्हटलं.” त्याले आता फॉर्मवर पकडून द्यायचं? न टाकावं, तर गीतकार म्हणून माझं नाव लागते. तेही पचत नाही. रात्री दोनदा भरून दोनदा खोडलं.

शिवाय कायद्यानं लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क वारसांचा. म्हणजे तू मालक! सहा रुपये आले तर तीन तुझे. पण दुसरा वारस काका. त्यांच्यापुढे कागद ठेवला की ते आधी शेताच्या धुऱ्याचा वाद काढतील, गाणं राहिलं बाजूले.

नवी नोकरी बरी आहे ना? वहिनींना नमस्कार. पोरीचा फोटो पाहिला, नाक तुझं नाही, देव पावला.

गाणं पोळ्याले टाकायचं आहे. त्याआधी कळव, पूर्ण नाव लिहू की नुसतं ‘आबाजी’? अन् काकांशी तूच बोल. मले ते अजून त्या सायकलवरूनच ओळखतात.

तुझाच,
गिटारवाला