पद्मिनीचे काजवे

कोल्हापूर,
१४ जुलै

प्रिय दिनू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी रंकाळ्यावर फेरी मारत होतो. ‘दुबईहून भावाने ॲम्बॅसेडरसाठी दिवे पाठवलेत, उद्या लावून टाकतो,’ असं तू म्हणालास. मी ‘थांब, लावू नकोस’ म्हणून ओरडलो आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. तुला वाटलं असेल, हा कशावर खेकसला? खेकसलो नव्हतो रे. पण हे प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नाही. पाच मिनिटांनी तू ‘हां, हां’ करायला लागतोस, आणि तुझ्या ‘हां, हां’चा अर्थ मला कॉलेजपासून ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो. पत्र वाचून होईपर्यंत दिवे खोक्यातच राहू देत.

गेल्या पावसाळ्यातलं आमच्या जुन्या पद्मिनी गाडीचं आंबा घाटातलं रामायण तुला अर्धंच माहीत आहे. रत्नागिरीहून बारसं आटोपून निघायला उशीर झाला. साखरप्यात चहा घेतला तेव्हा आठ वाजून गेले होते. घाट चढायला लागलो आणि पाऊस, त्यात धुकं. डिपरवर गाडीच्या नाकापुढे दोन पिवळट डाग, पलीकडे मिट्ट काळोख. अप्पर लावला तर धुक्याची भिंतच समोर उभी. शेवटी सुनीताने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि कडेची पांढरी पट्टी बघून ‘थोडं उजवीकडे, बस, आता सरळ’ असं सांगत राहिली. दुसऱ्या गिअरात असेच रांगत आंब्यापर्यंत आलो, पुढे एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांना धरून मलकापूर गाठलं. तिथे ओलं डोकं पुसत ती एवढंच म्हणाली, ‘तुमच्या गाडीला दिवे आहेत की काजवे?’

मला उत्तर सुचलं नाही. पण एक गोष्ट डोक्यात आली. इतक्या वर्षांत समोरून येणाऱ्या एकाही ट्रकवाल्याने माझ्या अप्परला उघडझाप करून शिवी दिली नव्हती. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

घरी आल्यावर पहिला विचार कुणालाही येईल तोच आला: मोठा बल्ब टाकू. दिव्याची रिंग काढून बघतो तर आत आधीपासूनच १००/९० वॉटचे (अप्पर १००, डिपर ९०) एच-४, म्हणजे दोन तारांचे हॅलोजन बल्ब, बसलेले! मग आठवलं. बाबांनी नव्वदच्या दशकात कधीतरी ‘रात्री दिसत नाही’ म्हणून तक्रार केली होती आणि तेव्हाच्या वायरिंगवाल्याने हे बल्ब ठोकून दिले होते. म्हणजे दिव्यात वॉट भरपूर, आणि उजेड काजव्याचा. मग वॉट जातात कुठे?

मल्टिमीटर काढला. ही तपासणी तू तुझ्या गाडीवर करच, दहा मिनिटांचं काम आहे. इंजिन चालू, जरा रेस देऊन, डिपर लावलेला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट. बल्बच्या दोन पिनांवर मोजले तर १०.९! मधले २.७ व्होल्ट वाटेतच कुणीतरी गिळले होते. कुणी, तेही कळतं. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या लाइव्ह पिनवर ठेवली, की येईल तो आकडा त्या वाटेवरच्या चोरीचा. माझ्याकडे १.९. मग तसंच बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थिंगची पिन: ०.८. म्हणजे नुसत्या अर्थिंगमध्ये जवळपास एक व्होल्ट जात होता. मडगार्डच्या आत जिथे तो काळा वायर स्क्रूने आवळला होता तिथला पत्रा गंजून चॉकलेटी झाला होता, त्यावर दोन थर रंगाचे.

आता २.७ व्होल्ट म्हणजे फार नाही असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात उतरत नाही, साधारण ३.४ घाताने उतरतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्के पडला. माझं २० टक्के पडलं होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड गेला. शिवाय तार नीट तापत नाही म्हणून उरलेला उजेडही पिवळा.

आणि मोठ्या बल्बने हे सुधारण्याऐवजी बिघडवलं होतं. ९०चे दोन बल्ब म्हणजे साधारण १५ अँपिअर. माझ्या गाडीत हा सगळा करंट बॅटरीपासून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो, स्विचमधून परत पुढे दिव्यांपर्यंत येतो. जुन्या स्विचचे पॉइंट काळे पडलेले. त्यात एक-दशांश ओहमचा अडथळा धरला तरी १५ अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच गेला, आणि दीड व्होल्ट गुणिले १५ अँपिअर म्हणजे २२-२३ वॉट उष्णता. आपण शाळेत रेडिओ जोडायचो तो सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा होता, आठवतोय ना? तसला एक स्टिअरिंगखाली चालू ठेवून मी बायको-मुलांना घेऊन घाट चढत होतो. स्विच खोलला तेव्हा आतलं प्लॅस्टिक एका बाजूने वितळून मेणबत्तीसारखं ओघळलेलं होतं.

खरं सांगू, मला त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली, पण स्विचमुळे नाही. तुला आठवतं, बाबा दिवेलागणीच्या आत गाडी घरी लावायचे? पन्हाळ्यावरून परतायचं तरी चार वाजता ‘चला, चला’. आपण मागच्या सीटवर बसून त्यांच्या भित्रेपणाची नक्कल करायचो. ८४ साली नंबर लावून घेतलेली गाडी, पत्र्याला ओरखडा नको म्हणून जपतात, अशीही थट्टा करायचो. बाबा भित्रे नव्हते रे. त्यांना दिसत नव्हतं. आणि ज्याला सांगितलं त्याने बल्ब बदलून पैसे घेतले.

असो. उपाय सांगतो.

उपाय नवा नाही, रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर चालू-बंद होणारा दुसरा स्विच. स्विचने दिवे पेटवायचेच नाहीत. स्विचने फक्त रिलेला ‘चालू हो’ म्हणायचं, आणि दिव्यांना करंट थेट बॅटरीकडून. डिपरला एक, अप्परला एक. रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीकडून जाड तार, ८७ वरून दिव्याकडे, आणि ८५-८६ मध्ये एकाला दिव्याकडे जाणारी जुनी वायर, दुसऱ्याला अर्थिंग. ती जुनी वायर आता जेमतेम पाव अँपिअरच्या आतलं काम करते, म्हणून स्विच म्हातारपणी सुखात राहतो. जुनं वायरिंग कुठेही तोडायचं नाही. बल्बच्या सॉकेटमध्ये जायची ती पिन रिलेच्या होल्डरमध्ये जाते, एवढंच.

बॅटरीकडून मी ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, रिलेपासून दिव्यांपर्यंत २.५ ची. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका जवळ. आणि डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळे फ्यूज. एका फ्यूजवर दोन्ही दिवे ठेवले आणि तो घाटाच्या वळणावर गेला, तर बायकोने डोकं बाहेर काढूनही उपयोग नाही. रिले रेडिएटरच्या बाजूच्या पट्टीवर, पिना खाली करून, म्हणजे पाणी आत साचत नाही. अर्थिंगची तार मडगार्डवर न आवळता सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली. गंज मिळतो तिथे पत्र्याच्या भरवशावर राहू नये, आणि कोकणच्या हवेत तर नाहीच. तारांच्या टोकांना थिंबल पंच करून घेतले, वर पेट्रोलियम जेली.

तुझ्या गाडीचं मात्र आधी बघ: बॅटरीची कुठली तार बॉडीला आहे? जुन्या इंग्रजी वळणाच्या गाड्यांत प्लस बॉडीला असायचा. तसं असेल तर मी सांगितलेली जोडणी उलटी समजायची आणि आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले घ्यायचा नाही. आणि तुझ्याकडे वीज करायला अजून अल्टरनेटरच्या आधीचा जुना डायनॅमो आहे का? बाबांनी बल्बबरोबर अल्टरनेटरही घालून घेतला होता, ते एक काम त्या वायरिंगवाल्याने चोख केलं. डायनॅमो असेल तर चौकात गाडी उभी असताना तो जवळजवळ काही देत नाही, दिवे नुसत्या बॅटरीवर जगतात. ते मंद होणं रिलेने जाणार नाही. त्याची भीती नको, रेस दिली की यायला हवेत.

बल्ब मी ६०/५५चे घातले. हो, लहान केले! बाकी सगळं झाल्यावर बल्बवर १३.१ व्होल्ट मिळाले आणि ५५ वॉटचा तो दिवा आधीच्या ९० पेक्षा उजळ, शिवाय पांढरा. काचेला बोट लावू नकोस. चुकून लागलंच तर स्पिरिटने पूस, बोटाच्या तेलाने ती काच तापून जाते.

रिफ्लेक्टरचा किस्सा मात्र माझ्या मूर्खपणाचा. डावा जरा धुरकट दिसत होता म्हणून मी पितळेचं पॉलिश आणि मऊ फडकं घेऊन बसलो. तिसऱ्या फेऱ्याला फडक्यावर चकाकी आली आणि रिफ्लेक्टर राखाडी झाला. आतला ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की त्याला पॉलिश म्हणजे पुसून टाकणंच. फार तर ओल्या कापसाने हलक्या हाताने टिपावं, नाहीतर राहू द्यावं. मग दिव्यांसाठी मुंबईला गेलो तेव्हा कुर्ल्याला सीएसटी रोडला फिरलो. पद्मिनी जिथे बनायची त्या कुर्ल्यातच तिचे अवयव हुडकायचे! मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हापासून दुकानदार ‘पद्मिनी?’ असं विचारून आधी आपल्याकडे बघून घेतात, मग माळ्यावर चढतात. ७ इंची गोल दिवा, सुदैवाने जीपलाही तोच चालतो, त्यामुळे एच-४ची नवीन जोडी मिळाली.

आता तुझे दुबईचे दिवे. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. डिपरचा उजेड सपाट कापलेला असतो आणि कडेच्या बाजूला जरा वर चढतो, कडेचा माणूस, मैलाचा दगड, गाय दिसावी म्हणून. आपल्याकडे तो डावीकडे चढायला हवा. तिकडच्या रस्त्यासाठीच्या दिव्यात तो उजवीकडे चढेल, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. भिंतीवर पाडून बघ, लगेच कळेल. स्क्रू फिरवून हे दुरुस्त होत नाही, काचेतच कोरलेलं असतं.

आणि त्यासोबतचे एलईडी बल्ब भावाला परत पाठव, किंवा माळ्यावर लाव. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती उजेडाला फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावर जाऊ देते, म्हणून तो खाली रस्त्यावर पडतो. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या इवल्याशा तारेच्या जागेवर बेतलेला. तिथे चपट्या पट्टीवरचे एलईडी आले की उजेड भरपूर पडतो, पण झाडांवर, पाट्यांवर आणि समोरच्याच्या तोंडावर. तुला वाटतं, काय लख्ख दिसतंय! दिसतं ते पहिल्या पंधरा फुटांत, तिथे काही बघायचं नसतं.

दिवे जुळवायला आमच्या गल्लीतली शाळेची भिंत वापरली. सपाट जागा, टायरात हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस (सुनीता बसली, स्वेटर विणत). भिंतीपासून १० मीटर मागे गाडी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखायची, त्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ. डिपरची कापलेली कड त्या खालच्या रेघेवर बसली पाहिजे. रिंग काढली की दोन स्क्रू दिसतात, वरचा वर-खाली करतो, बाजूचा डावं-उजवं. एक दिवा जुळवताना दुसऱ्यावर पोतं टाकायचं. माझा उजवा दिवा कित्येक वर्षं पिंपळाच्या शेंड्याकडे बघत होता, हे त्या दिवशी कळलं.

सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत आला, त्यात पॉलिश केलेल्या रिफ्लेक्टरचा दंड धरलेला आहे. गेल्या महिन्यात मुद्दाम रात्रीच आंबा घाटातून गेलो. धुकं होतंच, आणि धुक्यापुढे माझ्या रिलेचंही काही चालत नाही. पण कडेची पट्टी मला माझ्या जागेवरून दिसत होती, आणि सुनीता साखरप्यापासून आंब्यापर्यंत झोपली.

गणपतीला सावंतवाडीला येतोच आहे. दोन रिले, होल्डर आणि पंच मी इथून उद्यमनगरातून घेऊन येतो. तू फक्त तीन आकडे मोजून कळव: बॅटरीवर किती, बल्बवर किती, अर्थिंगमध्ये किती गेलं. आणि रात्री मोकळी असेल अशी एक भिंत बघून ठेव.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, मोदक उकडीचेच हवेत.

तुझा,
बाळ्या

ता. क. खडू विसरू नकोस. मी विटकरीच्या तुकड्याने रेघा मारल्या, त्या अजून पुसल्या जात नाहीत आणि शाळेचे शिपाईमामा रोज मला तिथे उभं करून बघतात.